ऑफर लेटर आलं, आता जॉइनिंगपर्यंत काय शिकायचं? प्रॉडक्ट मॅनेजरच्या पहिल्या नोकरीची तयारी, गावात बसून

मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला, "ताई, प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून घेतलं मले, पुण्यात, जॉइनिंग ८ आठवड्यानं आहे, तोवर काय वाचू सांग ना." मी म्हटलं पहिले तू काय काय जमवलं ते पाठव, तर त्यानं ४१ लिंका पाठवल्या आणि त्यातल्या ११ तर नुसत्या याद्याच होत्या, म्हणजे अजून शंभर लिंकांच्या याद्या. एक ना धड भाराभर चिंध्या. गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या बाजूचं, दुपारी लाईन जाते, घरात लॅपटॉप एकच आणि त्यावर लहान बहिणीचं कॉलेजचं काम पण चालते, अशात ४१ लिंका कधी बघणार? मग त्याला तीन-चार फोन करून जे सांगितलं ते सगळं इथं लिहून राहिले, कारण आपल्याकडची बरीच पोरंपोरी आता या कामात येऊन राहिली आणि त्यांना सांगणारं घरात कोणी नसतं. मी ६ वर्षांपासून हे काम करते, वर्षातले काही महिने गावातूनच करते, त्यामुळे इथं जे सांगते ते सगळं गावात बसून करता येते.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, तिच्याभोवतीच बाकी सगळं आहे. या कामाचा गाभा म्हणजे माणूस एखादी गोष्ट वापरताना नेमका कुठं अडकतो ते नीट बघता येणं, आणि ते बघायला आपलं गाव, आपला बाजार, आपलं कृषी केंद्र ही फार चांगली जागा आहे. पुस्तकं आणि कोर्स पाहिजेतच, पण जे बघितलं त्याला शब्द देण्यासाठी.

आधी काम काय आहे ते कळू द्या

घरी सगळे विचारतील की मॅनेजर म्हणजे हाताखाली किती माणसं? उत्तर आहे शून्य, निदान सुरुवातीला तरी. इंजिनियर तुम्हाला रिपोर्ट करत नाहीत, डिझायनर करत नाही, तरी काय बनवायचं, कोणासाठी, काहून, आणि आधी काय नंतर काय, हे ठरवण्याची जबाबदारी तुमची. प्रोजेक्ट मॅनेजर वेगळा, तो वेळेत काम होतं का ते बघतो. हे दोन शब्द मुलाखतीपर्यंत खूप जण एकच समजतात.

या कामाचं मूळ लोक १९३१ सालापर्यंत नेतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलमधे नील मॅकएलरॉय नावाचा माणूस कॅमे साबणाच्या जाहिरातींचं काम बघायचा, त्यानं वरिष्ठांना मेमो लिहिला की एका ब्रँडची पूर्ण जबाबदारी घेणारी माणसं द्या, ज्यांनी विक्री कुठं कमी झाली, का झाली, ते प्रत्यक्ष जाऊन शोधायचं. म्हणजे सॉफ्टवेअर यायच्या कितीतरी आधीपासून बाजारात जाऊन बघणं हे या कामात आहेच.

आता एक चौकट देते जी रोज लागेल. मार्टी केगन म्हणून या क्षेत्रातले मोठे लेखक आहेत, ते सांगतात की काही बनवायच्या आधी चार धोके तपासा: लोकांना ते पाहिजे का, त्यांना वापरता येईल का, आपल्याला बनवता येईल का, आणि धंद्याच्या हिशोबात बसेल का. हे नुसतं पाठ केलं तर विसरून जाल, म्हणून आपल्या विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर घ्या, म्हणजे फोनवरून मोटर सुरू-बंद करणारा डबा. पाहिजे का? हो, कारण शेतीची लाईन बऱ्याचदा रात्री येते आणि रात्री वावरात साप-विंचवात मोटर सुरू करायला जायचं कोणाला नको असते. वापरता येईल का? बाबांकडं बटणाचा फोन आहे, त्यांना ॲप नाही जमणार, पण फोन लावून मोटर सुरू होत असेल तर जमते. बनवता येईल का? विहिरीजवळ नेटवर्क पाहिजे, एक फेज गेला तर मोटर जळू नये हे त्या डब्याला कळलं पाहिजे, व्होल्टेज वरखाली झालं तर बंद पडली पाहिजे. धंद्यात बसते का? सिमचा रिचार्ज कोण करणार, बिघडला तर दुरुस्तीला तालुक्याला माणूस आहे का, विकणारा मोटर रिवायंडिंगवाला त्यात किती ठेवणार. एक डबा घेऊन हे चार प्रश्न वहीत लिहा, मग गॅसचं बुकिंग घ्या, मग एसटीचं तिकीट घ्या. तीन-चार वेळा केलं की डोक्यात बसते.

पहिला आठवडा: आपल्याच कंपनीचं प्रॉडक्ट

बहुतेक जण इथंच चुकतात, ते जगभरचं वाचतात आणि ज्या कंपनीत जायचं तिचंच ॲप उघडून बघत नाहीत. ऑफर आल्यावर मॅनेजरला एक छोटा मेल टाका, तीन-चार ओळींचा, धन्यवाद म्हणा आणि विचारा की मी कोणत्या टीममधे असणार, तिथं सध्या कोणता आकडा महत्त्वाचा मानतात, आणि जॉइनिंगआधी मी काय बघून ठेवू. यात लाजायचं काहीच नाही, मी आता नवीन लोकांना घेते तेव्हा असा मेल आला की बरं वाटते.

मग ॲप असेल तर प्ले स्टोअरवर जाऊन त्याचे रिव्ह्यू नवीन ते जुने असे लावा आणि २०० वाचा. नुसते वाचू नका, शीटमधे उतरवा: तारीख, किती स्टार, माणूस काय करत होता, कुठं अडकला, आणि त्याचे स्वतःचे शब्द जसेच्या तसे. "बकवास ॲप" लिहिलेलं असते तिथं पण खाली एखादं वाक्य सापडते की ओटीपी येत नाही किंवा पैसे कटले पण ऑर्डर दिसत नाही. मराठी आणि हिंदीत लिहिलेले, इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलेले रिव्ह्यू बरेच लोक वाचतच नाहीत, तुम्ही वाचा, ही तुमची जमेची बाजू आहे आणि पहिल्याच महिन्यात कामी येईल. त्याच प्रकारच्या दोन दुसऱ्या कंपन्यांचं पण असंच करा. कंपनी दुकानदारांना किंवा दुसऱ्या कंपन्यांना सॉफ्टवेअर विकत असेल तर रिव्ह्यू कमी सापडतील, तेव्हा त्यांची हेल्पची पानं आणि यूट्यूबवरचे डेमो बघा, ग्राहक काय विचारतो ते हेल्पच्या पानांवरून चांगलं कळते.

पुस्तकं: कमीच, पण पूर्ण

सुरुवात एका फुकटच्या लेखानं करा, 'गुड प्रॉडक्ट मॅनेजर, बॅड प्रॉडक्ट मॅनेजर', बेन होरोविट्झ आणि डेव्हिड वायडन यांनी नेटस्केप या जुन्या ब्राउझर कंपनीच्या काळात लिहिलेला. पाऊण तासात होतो. जुना आहे, काही गोष्टी आता बदलल्या, पण जबाबदारी घेणं म्हणजे काय ते इतक्या थोडक्यात दुसरीकडं नाही वाचलं मी.

मग केगन यांचं 'इन्स्पायर्ड', दुसरी आवृत्ती बघून घ्या. पुस्तक विकत घ्यायचं नसेल तर सिलिकॉन व्हॅली प्रॉडक्ट ग्रुप या त्यांच्या साइटवर कितीतरी लेख फुकट आहेत, त्यातून अर्ध्याच्या वर गोष्टी कळतात. एक सांगून ठेवते, त्यात जशा टीम दाखवल्या तशी तुमची टीम असेलच असं नाही. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी वरून सांगितलेली फीचर बनवावी लागतात, त्यामुळे पुस्तक वाचून पहिल्या आठवड्यात "तुम्ही चुकीचं करता" म्हणायला जाऊ नका.

तिसरं, माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं, रॉब फिट्झपॅट्रिक यांचं 'द मॉम टेस्ट'. बारीकसं पुस्तक आहे, दोन दिवसांत होते. लोकांना प्रश्न कसे विचारायचे की ते आपलं मन राखायला खोटं बोलणार नाहीत, एवढाच विषय. त्याबद्दल खाली सविस्तर सांगते.

टेरेसा टॉरेस यांचं 'कंटिन्युअस डिस्कव्हरी हॅबिट्स' पण चांगलं आहे, पण ते जॉइन झाल्यावर तीन महिन्यांनी वाचा, हातात खरे ग्राहक असले की त्यातलं लागू करता येते, आता वाचलं तर नुसतं गोड वाटेल. मुलाखतीच्या तयारीची पुस्तकं आता बाजूला ठेवा, मुलाखत झाली तुमची.

इंग्रजीचं म्हणाल तर माझं बारावीपर्यंतचं सगळं शिक्षण मराठीत झालं, पहिल्या पुस्तकाला मला महिना लागला. मग मी एक सवय लावली, एक प्रकरण वाचायचं आणि लगेच मैत्रिणीला फोन करून ते मराठीत सांगायचं. सांगता आलं म्हणजे कळलं, अडखळलं तर परत वाचायचं. ऐकून शिकायचं असेल तर लेनी रॅचिट्स्कीचं पॉडकास्ट यूट्यूबवर फुकट आहे, मोठ्या कंपन्यांतले प्रॉडक्टवाले येऊन बोलतात, वेग थोडा कमी करा, खाली कॅप्शन लावा. नेटवर्क असेल तेव्हा डाउनलोड करून ठेवा आणि लाईन गेली की ऐका. आठवड्यात दोनच ऐका, पण ऐकल्यावर पाच ओळी लिहा.

दुसरा-तिसरा आठवडा: कृषी केंद्रात जाऊन बसा

हा भाग मी लांबवणार आहे, कारण यातच खरं काम आहे.

भावाला मी सांगितलं की ओळखीच्या कृषी केंद्रात दोन दिवस बसून ये, काउंटरच्या मागं, वही घेऊन, आणि उधारी कशी लिहितात ते बघ. पहिल्या दिवशी तो गेला आणि सरळ विचारलं, "काकाजी, उधारीचं ॲप बनवलं तर वापरसान का?" काकाजी म्हणे, "हाव, काहून नाही वापरणार, चांगलंच आहे ना." तो खुश होऊन मला फोन करतो. मी म्हटलं, तू त्यांच्या ओळखीचा पोरगा आहे, ते तुला नाही कशाला म्हणतील? त्या उत्तराला काहीच किंमत नाही. मॉम टेस्टमधे हेच सांगितलं आहे: आपल्या कल्पनेबद्दल विचारायचंच नाही, त्यांच्या आयुष्याबद्दल विचारायचं. पुढं काय कराल असं विचारायचं नाही, मागं काय केलं ते विचारायचं, तेही एका ठरावीक दिवसाचं. आणि कमी बोलायचं.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "काकाजी, काल शेवटची उधारी कोणाची लिहिली, दाखवता का?" तेव्हा काकाजींनी लांबोडकी लाल वही काढली. वहीत पानं तारखेनं नव्हती, गावानं होती. एका गावाची आठ-दहा पानं, त्यात नाव आणि नावापुढं बापाचं नाव, काही ठिकाणी तर "पुलाजवळचा" असं लिहिलेलं, कारण एकाच गावात एकाच नावाचे चार कास्तकार. रक्कम लिहिलेली, पण पैसे कधी देणार त्या रकान्यात तारीख नाहीच, तिथं "कापूस" नाहीतर "तूर" एवढंच. म्हणजे कापसाचा चुकारा हाती आला की देणार, किंवा तूर निघाली की. काकाजींच्या फोनमधे उधारीचं एक ॲप आधीच होतं, पोरानं टाकून दिलेलं. ते काहून नाही वापरत? तर त्यात सुरुवातीलाच मोबाईल नंबर मागते, आणि जूनमधे पेरणीच्या घाईत काउंटरवर पंधरा माणसं उभी असताना नंबर कोण विचारत बसणार, वरून परत करायची तारीख टाकल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. तारीख काकाजींना माहीत नाही आणि कास्तकारालाही नाही, ती पावसाला माहीत.

ही एक वही बघून भावाला जे कळलं ते कोणत्या कोर्समधे नव्हतं. इथं ग्राहकाची ओळख म्हणजे गाव आणि बाप, मोबाईल नंबर नाही. परतफेडीची मुदत पिकावर ठरते, कॅलेंडरवर नाही. आणि घाई वर्षभर नसते, दोन महिने असते, तेव्हाच जे चाललं ते चाललं. या तीन वाक्यांतून आख्खं प्रॉडक्ट वेगळं होऊन जाते.

तुम्ही कृषी केंद्रच निवडा असं नाही. दूध संकलन केंद्र, पिठाची गिरणी, आपले सरकार सेवा केंद्र, खेडा खरेदीचा काटा, जिथं तुम्हाला दोन दिवस बसू देतील तिथं बसा. परवानगी विचारून बसा, लोकांची नावं आणि रकमा स्वतःच्या वहीत उतरवू नका, ते त्यांचं खासगी आहे. फक्त कोण काय करतं, कुठं थांबतं, कुठं शेजारच्याला विचारतं, कुठं कागदाच्या चिठोऱ्यावर लिहितं ते टिपा. चिठोरं दिसलं की तिथं जास्त वेळ थांबा, कारण चालू पद्धतीत जे बसत नाही ते माणूस चिठोऱ्यावर लिहून ठेवतो.

अजून एक अभ्यास सांगते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, कास्तकारानं स्वतः वावरात जाऊन ॲपमधे उभ्या पिकाचा फोटो काढून नोंद करायची. तुमच्या घरी कोणी करत असेल तर सोबत धुऱ्यावर जा आणि बघा, मदत करू नका, आधी फक्त बघा. किती स्क्रीन आल्या, गट नंबर शोधायला किती वेळ लागला, उन्हात स्क्रीन दिसते का. त्यात एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, ती सोय कशासाठी असेल याचा विचार करा: घरात आजीच्या नावानं सातबारा असतो आणि स्मार्टफोन नातवाकडं असतो. बनवणाऱ्यानं हे लक्षात घेतलं नसतं तर काय झालं असतं ते लिहा.

आकडे आणि एसक्यूएल

एक्सेल किंवा गुगल शीटमधे पिव्होट टेबल (मोठ्या यादीची गटवार बेरीज-मोजणी) येत नसेल तर आधी ते, दोन संध्याकाळी लागतात. मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून पाहिजे ती माहिती काढायची भाषा. एसक्यूएलबोल्ट नावाची फुकट साइट आहे, छोटे धडे आणि तिथंच लिहून बघायची सोय, मोबाईलवर पण कसंबसं होते पण लॅपटॉपवर करा. खान अकॅडमीवर पण आहे. सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय आणि जॉइन एवढं हाताखाली आलं की नोकरी सुरू करण्यापुरतं झालं.

पण सराव परक्या डेटावर करू नका. ॲगमार्कनेट या सरकारी पोर्टलवर बाजार समित्यांचे रोजचे भाव असतात, शेतमाल, जात, तारीख, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि मोडल दर, क्विंटलमागे. आपल्या जवळच्या दोन-तीन बाजार समित्यांचा सोयाबीनचा वर्षभराचा डेटा घ्या, लॅपटॉपमधे डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट हे फुकट सॉफ्टवेअर टाका, ते नेटशिवाय चालते, आणि त्यात ती फाइल टाकून प्रश्न विचारा. कोणत्या महिन्यात दर पडला? ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे आवक किती वाढली? दोन बाजारांत एकाच दिवशी किती फरक होता? हे करताना तुम्हाला तीन गोष्टी आपोआप कळतील. एक, मोडल म्हणजे सरासरी नाही, ज्या दरानं जास्तीत जास्त माल विकला गेला तो दर. दोन, बाजार बंद होता त्या दिवसाची ओळच नसते, त्याचा अर्थ आवक शून्य आणि भाव शून्य असा घेतला तर सगळा हिशोब बिघडतो. तीन, घरी बाबा सांगतात तो भाव आणि शीटमधला भाव जुळत नाही तेव्हा बाबा खोटे नसतात, ओलावा आणि कचरा बघून त्यांच्या मालाला वेगळा दर लागलेला असतो. डेटाच्या मागं काय आहे हे विचारायची सवय इथंच लागते.

प्रॉडक्टचे आकडे म्हणजे फनेल (एकेका पायरीला किती जण पुढं गेले, किती गळाले) आणि रिटेन्शन (किती जण परत आले), एवढे दोन नीट समजले तरी बस. समजा १००० जणांनी ॲप टाकलं, ६०० जणांनी ओटीपी टाकून खातं उघडलं, २४० जणांनी पहिली ऑर्डर दिली आणि ६० जणांनी महिन्याभरात दुसरी दिली. गळती कुठं? माणसं मोजली तर पहिल्या पायरीला ४०० गेले, ती सगळ्यात मोठी. टक्के काढले तर शेवटच्या पायरीला ७५ टक्के गेले, ती सगळ्यात मोठी. दोन्ही बरोबर, पण पहिल्याचं काम ओटीपी आणि नेटवर्कचं आहे आणि दुसऱ्याचं काम लोकांना परत यायला काही कारण आहे का ते शोधायचं. आता हेच बियाणं विकणारं ॲप असेल तर महिन्याभरात परत कोण आणि कशाला येईल? खरिपाच्या बियाण्याची थैली वर्षातून एकदा घेतात. तिथं एका खरिपातला ग्राहक पुढच्या खरिपात आला का ते मोजायला पाहिजे. शहरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागते, तुम्हाला नाही.

टेक्निकल किती पाहिजे

कोडिंग आलंच पाहिजे असं नाही, पण इंजिनियर बोलतात ते कळलं पाहिजे. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा कॉम्प्युटर सायन्सचा सुरुवातीचा कोर्स फुकट आहे, त्याचीच बिझनेसवाल्यांसाठी एक सोपी आवृत्ती आहे, तिच्यातले इंटरनेट, डेटाबेस आणि सुरक्षिततेचे भाग बघा, सगळं नाही. स्वयम आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स आहेत, शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षा द्यायची असेल तरच फी. प्रमाणपत्राच्या मागं आत्ता लागू नका.

त्यापेक्षा यूपीआय समजून घ्या, रोज वापरता. २०१६ साली एनपीसीआयनं, म्हणजे देशातली पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या संस्थेनं, सुरू केलं. किराणा दुकानात क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की तुमच्या ॲपमागची बँक एनपीसीआयला सांगते, एनपीसीआय तुमच्या बँकेला पैसे काढायला सांगते, मग दुकानदाराच्या बँकेला जमा करायला, आणि उत्तर त्याच वाटेनं परत. हे एका सिस्टीमनं दुसरीला ठरलेल्या भाषेत विचारणं म्हणजेच एपीआय. मधे कुठं उत्तर उशिरा आलं की पेंडिंग दिसते. आता प्रॉडक्टवाल्याचा प्रश्न असा की पेंडिंग दिसत असताना गिऱ्हाइकाला काय सांगायचं, परत पैसे टाकू द्यायचे का, दुकानदाराला माल द्यावा का ते कसं कळेल. दुकानातला बोलणारा साउंडबॉक्स बघा, दुकानदाराचे हात तेल-साखरेत असतात, तो दर वेळी फोन बघू शकत नाही, म्हणून तो डबा आला आणि टिकला. मग २०२२ मधे आलेलं यूपीआय १२३पे बघा, बटणाच्या फोनसाठी, फोन लावून किंवा मिस्ड कॉल देऊन पैसे देता येतात. घरातल्या कोणाच्या बटणाच्या फोनवर ते करून बघा आणि किती पायऱ्या लागल्या ते लिहा.

डिझाइनचं थोडक्यात: जेकब निल्सन यांचे वापरसुलभतेचे १० नियम १९९४ पासूनचे आहेत आणि निल्सन नॉर्मन ग्रुपच्या साइटवर फुकट वाचता येतात, ते वाचा, फिग्मा या स्क्रीन काढायच्या सॉफ्टवेअरच्या फुकटच्या प्लॅनमधे चार स्क्रीन काढून बघा. त्याआधी कागदावर काढा. कागदावरची स्क्रीन आईसमोर ठेवून "इथं बोट लाव, पुढं काय होईल सांग" एवढं विचारलं तरी बरंच कळते.

स्क्रम म्हणजे टीमनं छोट्या छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत, तिचं स्क्रम गाइड एका संध्याकाळी वाचून टाका, २०२० ची आवृत्ती, पानं मोजकीच आहेत आणि फुकट आहे. स्प्रिंट, बॅकलॉग, रिव्ह्यू हे शब्द पहिल्या दिवसापासून कानावर पडतील. स्क्रमचं सर्टिफिकेट आत्ता घेऊ नका.

लिहिणं, रोज थोडं

या नोकरीत दिवसभर लिहायचंच असते, आणि गावातून आलेल्या मुलांना भीती याचीच वाटते, इंग्रजीची. माझा अनुभव असा की अडचण इंग्रजीची कमी आणि विचार स्पष्ट नसण्याची जास्त असते, म्हणून आधी मराठीत लिहा. एक पान घ्या, त्यावर कोणाची अडचण आहे, ती किती वेळा येते, आज ते लोक काय करून भागवतात, आपण काय करू, काय करणार नाही, आणि ते चाललं हे कशावरून कळेल. भावानं उधारीच्या वहीवर असं पान लिहिलं. त्यानं "काय करणार नाही" मधे लिहिलं की वसुलीचे मेसेज पाठवणार नाही, कारण काकाजी म्हणाले होते, "मेसेज गेला की माणूस दुसऱ्या दुकानात जाते." आणि "कशावरून कळेल" मधे पहिल्यांदा लिहिलं होतं, जास्त लोक ॲप वापरतील. मी ते खोडायला लावलं. मग त्यानं लिहिलं, जूनच्या गर्दीच्या दिवशी झालेल्या उधारीपैकी किती नोंदी त्याच संध्याकाळपर्यंत ॲपमधे आल्या. हे मोजता येते. मग ते पान इंग्रजीत केलं, साधी छोटी वाक्यं, सातव्या वर्गातल्या पोराला कळतील अशी. चॅटजीपीटी किंवा तसलं काही वापरून व्याकरण तपासून घ्या, खुशाल, पण ग्राहक काय म्हणेल हे त्याला विचारून लिहू नका, ग्राहक काउंटरच्या पलीकडं उभा आहे.

लिहिलेलं मोठ्यानं बोलायचा पण सराव करा. फोनमधे रेकॉर्ड करा, तीन मिनिटांत सांगता आलं पाहिजे.

पैसे कुठं घालवू नका

मी पहिल्या वर्षी हप्त्यावर एक महागडा कोर्स घेतला होता. जाहिरातीत मोठ्या कंपन्यांचे लोगो होते, शिकवायला मोठी माणसं येतील म्हणून सांगितलं होतं, प्रत्यक्षात रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि दर शनिवारी शंका विचारायचा एक तास, त्यात ८० जण. हप्ते वर्षभर फेडले, आणि ते पैसे त्या वर्षी घरी बोअरला लागले असते. नोकरी हातात असताना तर असा कोर्स घ्यायची काहीच गरज नाही. घ्यायचाच असेल तर आधी कंपनी शिकण्यासाठी पैसे देते का ते एचआरला विचारा, बऱ्याच कंपन्या देतात. कोर्सेरावर व्हर्जिनिया विद्यापीठाचे डिजिटल प्रॉडक्ट मॅनेजमेंटचे कोर्स आहेत, ते बरे आहेत, तिथं फायनान्शियल एडसाठी, म्हणजे फीत सवलत मिळण्यासाठी, अर्ज करून बघा. नाहीतर यूट्यूब, फुकटचे लेख आणि दोन पुस्तकं यातच भागते. पुण्यात गेल्यावर खोलीचं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचा खर्च पगाराच्या आधी येतो, पैसे तिकडं ठेवा.

शेवटचा आठवडा आणि जॉइनिंग

शेवटच्या आठवड्यात नवीन काही उघडू नका. रिव्ह्यूची शीट परत वाचा आणि त्यातून दहा प्रश्न काढा, सूचना नाही, प्रश्न. "हे चुकीचं आहे" म्हणण्यापेक्षा "हे असं ठेवायचं काही कारण होतं का" असं विचारलं की लोक बसून सांगतात, आणि खरंच बऱ्याचदा कारण असते, एखादा कायदा, एखादी बँक, एखादा जुना मोठा ग्राहक. पहिले तीस दिवस ऐकायचे. मीटिंगमधे न कळलेला प्रत्येक शॉर्ट फॉर्म वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि त्याच दिवशी कोणाला तरी विचारा, महिन्यानं विचारायला जड जाते.

पहिल्या दिवशी जेवायच्या सुट्टीत सपोर्टची टीम कुठं बसते ते शोधून ठेवा. त्याच आठवड्यात मॅनेजरला सांगून दोन तास त्यांच्या बाजूला हेडफोन लावून बसा आणि मराठी-हिंदीतले कॉल मागून घ्या. बोलू नका, काकाजींच्या काउंटरमागं बसला होता तसंच बसा. वही तीच न्या.